तिसऱ्या खणातली डिस्क

मित्रांनो, पुस्तके बांधायच्या टेबलाला एक खण आहे. त्यात जाड सुया, मेणाचा खडा आणि दोऱ्याची रिळे असतात. त्यांच्या शेजारी, स्वच्छ कागदात गुंडाळलेली, मी पडून असते. मी एक जुनी डिस्क आहे. तळहातावर मावते, पण उचललीत तर दिसते त्याहून जड लागते. एका आईचे हात माझ्या अंगावर साठवलेले होते. ते मी कितपत सांभाळले, हे ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा जन्म फार स्वच्छ जागी झाला. त्या कारखान्यातले कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, फक्त डोळे उघडे. कुणाला शिंक आली तर तो आधी दाराकडे पळे. धुळीचा एक कण आत गेला की आमचा जन्मच फुकट, असे ते म्हणत. माझ्या पोटात आरशाने लाजावे अशा गुळगुळीत तबकड्या बसवल्या. त्यांच्यावर एक नाजूक काटा ठेवला. तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि तो काटा त्यांना न टेकता वरून फिरत राहतो. तोच लिहितो, तोच वाचतो. तो टेकला की ओरखडा पडतो, आणि ओरखड्याखालचे लिहिलेले कायमचे जाते. मला तापवले, गार केले, हलवून पाहिले. मी सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण झाले. मग अंगावर क्रमांक ठोकून मला खोक्यात बंद केले.

दुकानात आम्हाला न्यायला एक तरुण बाई आली. दुकानदाराने विचारले, "किती हव्यात?" तिने कानाला बोट लावून मान हलवली आणि कागदावर लिहिले, 'चार. सारख्या.' दुकानदार जरा मोठ्याने बोलू लागला. ती हसली आणि खाली लिहिले, 'ओरडून उपयोग नाही. मोठ्या अक्षरात लिहा.' दुकानदारही ओशाळून हसला.

ही तिघा भावंडांतली धाकटी. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हते. तिचे बालपण जिथे गेले तिथे अशा मुलांना शिकवणारे कुणी नव्हते. म्हणून आई आणि तिघा भावंडांनी मिळून हातांची एक भाषाच बनवली. थोरलीची, म्हणजे ताईची खूण होती सुई ओवण्याची, कारण ती लहानपणापासून काही ना काही शिवत बसे. मधल्या भावाची खूण होती तळहातावर जोराने फुंकर मारण्याची. तो घरात शिरला की पडदे उडत, भांडी पडत. सगळे त्याला वादळच म्हणत. पुढे धाकटीला मुलगी झाली. मुलीचे वडील दूरच्या बंदरावर कामाला गेले ते तिकडचेच झाले. मुलगी सारखी गोल फिरायची, म्हणून ती भिंगरी. हवेत एक बोट गोल फिरवले की झाली भिंगरी.

ती भाषा जगात कुठल्याच पुस्तकात नव्हती. त्या भावंडांची आई गेली, तेव्हा ती जाणणारी माणसे उरली फक्त चार, आणि त्यातले एक दीड वर्षाचे. धाकटीला हीच काळजी लागून राहिली होती. ती फोटोच्या स्टुडिओत जुन्या फोटोंवरचे डाग काढायचे काम करी. कॅमेरा आणि संगणक म्हणजे तिच्या हातचा मळ. तिने ठरवले की एकेका खुणेची एकेक चित्रफीत करायची, आणि भिंगरीसाठी गोष्टी सांगून ठेवायच्या. त्यासाठीच आम्ही चौघी आलो.

घराच्या पुढच्या खोलीत ताईचे पुस्तकबांधणीचे काम चाले. दाबाचे यंत्र, कागद कापायचे मोठे पाते, पुठ्ठ्यांची चळत, खळीचा डबा. पुठ्ठ्यांच्या फळीखाली आमची काळी पेटी ठेवली. तिला चार खण होते. मी तिसऱ्या खणात गेले. घरात सगळे तिला सर्व्हर म्हणत. धाकटी तिला ट्रंकेचे झाकण उघडल्याची खूण करी.

पहिल्याच दिवशी तिने भावंडांना समोर बसवून आमचे काम समजावले. चार बोटे उभी केली. प्रत्येक चित्रफितीचे तुकडे करून चौघींवर वाटलेले असतात, आणि त्यात थोडे जास्तीचे टिपणही असते. मग तिने एक बोट मिटले. एक डिस्क गेली, तर उरलेल्या तिघी मिळून तिचे तुकडे हिशेबाने परत काढतात. मग दुसरे बोट मिटले आणि ओंजळ रिकामी करून दाखवली. दोघी गेल्या तर सगळे गेले. शेवटी तिने दुसरा हात लांब, खिडकीबाहेर नेला. याची आणखी एक नक्कल दुसऱ्या घरात ठेवली पाहिजे. ताईने मान डोलावली. वादळही "हो हो" म्हणत उठला. एक मेली तरी तिघी आहेत, एवढेच दोघांच्या लक्षात राहिले. नकलेची पेटी धाकटी स्वतःच आणणार होती.

ती पाच वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. 'दूध' आले, 'गार' आले, 'रुसलेली' आली, 'खोटं खोटं रडणं' आले. गोष्टी आल्या. धाकटीची बोटे इतकी भराभर चालत की ताई म्हणे, "अगं, हळू सांग, माझे डोळे धापा टाकतात." धाकटीला पेटीचा आवाज ऐकू येत नसे. म्हणून ती रोज कामावर जाताना पेटीवर तळहात ठेवी. एकदा पंख्याची थरथर जरा वेगळी लागली, तर तिने त्याच दिवशी पेटी उघडून कागदाचा भुसा साफ केला. कान असलेल्या कुणाच्याही हे लक्षात आले नव्हते.

मग ती आजारी पडली. आधी ती बसून चित्रफिती करी, मग उशीला टेकून. भिंगरी सहा वर्षांची असताना ती गेली. दुसरी पेटी आणायची राहूनच गेली.

त्यानंतर तीन वर्षे आमच्यावर कुणी तळहात ठेवला नाही. यात ताईचा दोष काढवत नाही. एका हाताने पाते ओढायचे, दुसऱ्या हाताने पोर वाढवायची. कागद आणि दोरा तिला कळे, तारांना ती बिचकत असे. पाते रोज चाले आणि कागदाचा बारीक भुसा रोज आमच्या पेटीत शिरे. पंखा गुदमरला. आम्ही तापू लागलो. माझी जागा दोघींच्या मधे, मला वारा सगळ्यात कमी. माझ्या तबकडीवर काही ठिकाणी खरखरीत डाग पडू लागले. काटा तिथे अडखळे, पुन्हा पुन्हा वाचायला जाई.

पेटीला ते कळले. तिने तांबडा दिवा लावला आणि वाजायला सुरुवात केली. दर काही क्षणांनी एक लांब पीं. ताई दिवसभर कावली. संध्याकाळी वादळ आला.

"हा कशाला कोकलतोय?" म्हणत त्याने पेटीवरचे बटण दाबले. आवाज बंद झाला.

"अरे, पण का वाजत होता?" ताईने विचारले.

"धूळ बसली असेल. पुसून घे. चित्रं दिसतायत ना? मग झालं तर!"

ताईने फडके घेऊन पेटी बाहेरून लख्ख पुसली. मित्रांनो, मला ओरडता येत असते तर मी ओरडले असते. माझ्यासाठी पेटी ओरडली होती, आणि तिचेच तोंड बंद झाले.

भिंगरी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतून आली की हातपाय धुऊन पडद्यासमोर बसे आणि एक तरी चित्रफीत लावी. आईच्या बरोबरीने हात हलवी. तिचे हात आता चुकू लागले होते. 'उद्या'च्या जागी 'वर' होऊन जाई. मग ती तीच चित्रफीत पुन्हा लावी. ताईला एवढा वेळ मिळत नसे. वादळ तर खुणा जवळजवळ विसरलाच होता. भिंगरी कुणाशी बोलणार? ती आमच्याशी बोलायची.

एके दिवशी दुपारी पेटीत ठक्क असा आवाज झाला. जळका वास आला, पंखा थांबला, दिवे विझले. आम्ही चौघी फिरता फिरता थांबलो.

भिंगरी शाळेतून आली. दोनदा बटण दाबले. मग आत जाऊन म्हणाली, "मावशी, आई लागत नाहीये."

ताईने हातातली खळीची कुंची तशीच खाली ठेवली. त्या दिवशी ती कुंची कुणी धुतली नाही.

रविवारी सकाळी वादळ एक नवे खोके घेऊन आला. दुसऱ्याच कंपनीची, मोठी, चकचकीत पेटी.

"हे बघ ताई, त्या डबड्याचा थोरला भाऊ आणलाय. जुन्यातून काढायच्या, यात खुपसायच्या. पाच मिनिटांचं काम."

"कुणा जाणत्याला विचारलंस का?"

"दिवा बदलताना कुणाला विचारतो का आपण?"

त्याने आम्हाला भराभर ओढून काढले आणि टेबलावर एकीवर एक रचले.

"अरे थांब, नंबर तरी घाल!" ताई म्हणाली. "पानांचे फर्मे मागेपुढे झाले तर पुस्तक वाचता येतं का?"

"चार तर आहेत गं! चारशे नाहीत."

हाताला येईल तशा त्याने आम्हाला बसवल्या. पडद्यावर प्रश्न आला. डिस्का वापरण्यासाठी तयार करायच्या का? वादळाने खालच्या यादीतल्या पहिल्या डिस्कवर खूण केली आणि 'हो' दाबले. एक हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. "बघ, चाललंय," म्हणत तो पाणी प्यायला आत गेला.

ताईने चष्मा चढवला. पोटासाठी छापील कागद हाताळणारी बाई ती. बारीक अक्षरे सोडायची सवय तिला नव्हती. ती ओठांत पुटपुटत वाचू लागली, "निवडलेल्या डिस्कवरील सर्व माहिती..." पुढचा शब्द तिने वाचला नाही. भिंतीतून प्लगच ओढून काढला.

वादळ पेला घेऊन बाहेर आला. "काय झालं?"

"ते पुसत होतं रे! सगळं पुसत होतं!"

भिंगरी दारात उभी होती. तिने मामाकडे पाहून हातांनी काहीतरी विचारले. अगदी सावकाश विचारले.

वादळ गोंधळला. "काय म्हणतेय ती?"

ताई भिंगरीच्या हातांकडे बघत म्हणाली, "विचारतेय, तू आईला पुसलंस का?"

वादळ कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. नवी पेटी समोर गप्प होती. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, तो आवाजही मीच बंद केला होता."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "आणि मी बाहेरून पुसत बसले."

कुणी कुणावर ओरडले नाही. ओरडले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले. ताईने आम्हा चौघींना एकेक करून स्वच्छ कागदात गुंडाळले. ती फक्त एवढेच म्हणाली, "आता यांना कुणी हात लावायचा नाही."

ज्या ग्रंथालयाची फाटकी पुस्तके ताई बांधून देई, तिथल्या ग्रंथपालांनी एका बाईंचा पत्ता दिला. सायकलच्या दुकानावरची एक खोली. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. बोलणे तुटक. सगळे तिला दुरुस्तीवाली म्हणत आणि तिलाही ते चाले. तिने आम्हाला मऊ गादीवर ठेवले आणि समोरच्या तिघांकडे पाहिले.

"काय झालं ते सांगा. जे सांगायची लाज वाटते ते आधी सांगा."

वादळाने सांगितले. तांबडा दिवा, बंद केलेला आवाज, न वाचता दाबलेले 'हो'. काही लपवले नाही.

"प्लग कुणी ओढला?"

"मी," ताई म्हणाली.

"किती वेळाने?"

"दोन-तीन मिनिटं झाली असतील."

"मग त्या डिस्कचा पुढचा भाग गेला. मागचा असेल अजून. आणि तांबडा दिवा दुसऱ्याच एखादीसाठी असणार. म्हणजे एक अर्धी पुसलेली, एक आजारी. चारांतल्या तीन धड लागतात, तुमच्याकडे धड अशा दोनच आहेत."

वादळ घाईने म्हणाला, "मग जुन्यासारखीच पेटी आणतो मी. तिच्यात लावून बघू या ना एकदा!"

"नाही." ती पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलली. "आधी नक्कल, मग अक्कल. चारींची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि या मूळच्या उचलून ठेवायच्या. मग जी काय अक्कल चालवायची ती नकलेवर. चुकलं तर पुन्हा नक्कल काढता येते. मूळ एकदाच असतं."

"जुनं पुस्तक उसवण्याआधी मी पानापानाचा फोटो काढते," ताई हळूच म्हणाली.

"मग तुम्हाला कळलं. आता सांगा, कुठली कुठल्या खणात होती?"

वादळाला ते आठवेना. ताईने आम्हाला कागदातून सोडवले, उलटसुलट पाहिले, आणि एकदम थांबली. प्रत्येकीच्या कडेवर काळ्या शाईची एक छोटी तिरपी रेघ होती. पुस्तक बांधताना फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांची, चळत केली की ताई त्यांच्या पाठीवर अशीच एक तिरपी रेघ ओढायची. एक जरी फर्मा चुकीच्या जागी गेला की रेघ तुटलेली दिसते. धाकटीने बहिणीचे पाहून पहिल्याच दिवशी आमच्या चळतीवर ती ओढली होती. खुणेने सांगावे असे तिला वाटलेच नसेल. ताईला दिसेलच, हे ती धरून चालली होती.

ताईने आम्हाला वरखाली केले. दुसऱ्यांदा केले. रेघ वरपासून खालपर्यंत सलग झाली. "एक, दोन, तीन, चार," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

दुरुस्तीवालीने चौघींवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

दुसरी आणि चौथी एकेका दिवसात पार पडल्या. पहिलीचा पुढचा भाग कोरा निघाला, मागचा शाबूत होता. मग माझी पाळी आली.

मित्रांनो, त्या दिवसांसारखी भीती मला कधीच वाटली नाही. सुरुवातीला मी चांगली चालले. मग पहिला खरखरीत डाग आला. काटा अडखळला. मी पुन्हा वाचायला गेले, पुन्हा अडखळले. पोटातून खट्-खट् असा आवाज येऊ लागला. दुरुस्तीवालीने मला लगेच थांबवले.

"हट्टाने तिथंच वाचत बसली तर काटा मोडेल," तिने भिंगरीला समजावले. "डाग आला की उडी मारून पुढं जायचं. आधी चांगलं तेवढं सगळं उतरवून घ्यायचं. डागांकडे शेवटी, थोडं थोडं, गार करत."

रोज शाळा सुटली की भिंगरी ताईबरोबर येई. वादळ कामावरून तिथेच येई आणि दाराशी उभा राही. आत येऊन बस, असे त्याला कुणी म्हटले नाही, आणि तोही आला नाही. तिसऱ्या दिवशी भिंगरीने दुरुस्तीवालीला विचारून गादीच्या कडेवर तळहात टेकला. जरा वेळाने म्हणाली, "ती दमलीये."

दुरुस्तीवालीने पडद्यावरचे आकडे पाहिले. माझा ताप वाढला होता. "बरोबर आहे," ती म्हणाली आणि मला थांबवले. "आता दोन तास विश्रांती."

असे आठ दिवस चालले. मी जमेल तितके दिले. काही डागांतून विसाव्या खेपेला अक्षर उमटले. काही डाग शेवटपर्यंत मुकेच राहिले. नवव्या दिवशी माझा काटा आत घसरला आणि एक लांब किर्र आवाज झाला. दुरुस्तीवालीने मला सोडवून बाजूला ठेवले. "हिने होतं तेवढं केलं," ती म्हणाली. त्यानंतर मी कधी फिरले नाही.

पुढचे मी कागदावर पडल्या पडल्या ऐकले. वादळाने आमच्या जुन्या पेटीच्याच जातीची नवी पेटी आणली. या वेळी त्याने दुरुस्तीवालीकडून नाव लिहून घेतले आणि दुकानात तो कागद दाखवला. चार नव्या डिस्कांवर आमच्या नकला उतरवल्या. त्या एक-दोन-तीन-चार अशा क्रमाने बसवल्या. जिथे मी मुकी होते तिथे पहिलीच्या शाबूत भागातून हिशेब जुळला. पण काही जागा अशा होत्या की तिथे पहिलीही पुसली गेली होती आणि माझ्याही अंगावर ओरखडा होता. तिथे काही उरले नव्हते.

"फक्त बघायचं आहे," दुरुस्तीवालीने बजावले. "सगळं तपासून होईपर्यंत त्यावर एक अक्षर लिहायचं नाही."

तेराशे बारा चित्रफिती होत्या. एकेक उघडून पाहिल्या. 'दूध' आले. 'खोटं खोटं रडणं' आले. भिंगरी हसली, आणि हसता हसता खरेच रडली. तेराशे एक चित्रफिती धड निघाल्या. अकरा तुटलेल्या. त्यातल्या दहा एकेका खुणेच्या होत्या. ताईने आठवून आठवून त्या दहाही खुणा करून दाखवल्या. एकीपाशी ती अडली, तेव्हा दारातून वादळ पुढे आला. त्याने दोन बोटे कोपरावर टेकवली. "'हट्टी'. तुला आठवतं ना ताई? ती मला म्हणायची."

अकरावी गोष्ट होती. धाकटीने उशीला टेकून सांगितलेली, शेवटच्या दिवसांतली. ती भिंगरीने जपून ठेवली होती. दहा वर्षांची झाले की बघीन, असे तिने मनाशी ठरवले होते. आता ती तिथेच लावली.

एक शेळी वाटसरूंचा नकाशा खाऊन टाकते. वाट आता फक्त तिच्या पोटात. म्हणून सगळे वाटसरू आपले शेळीच्या मागे. ती चिखलात शिरली, हे चिखलात. ती छपरावर चढली, हे छपरावर. धाकटी आजारी होती, पण तिच्या बोटांतली शेळी चांगली ठणठणीत होती. ताई खळखळून हसली. शेवटी शेळी एका बंद दारापाशी येते. मागे वळून सगळ्यांकडे बघते. धाकटीचे दोन्ही हात वर उचलले गेले. आणि चित्र थिजले.

हात तसेच हवेत राहिले. पुढे नुसता काळा पडदा होता.

"मग?" भिंगरी म्हणाली. "दारात काय होतं?"

ताईला माहीत नव्हते. त्या दिवशी ती औषधे आणायला गेली होती. "कॅमेरा कुणी धरला होता?" तिने विचारले आणि विचारतानाच ती वळली.

वादळ काळ्या पडद्याकडे बघत होता. "मी."

"मग सांग ना मामा!"

"मी कॅमेरा धरला होता गं," तो म्हणाला. "पण माझं लक्ष फोनवर होतं. कामाचा निरोप होता. ती सांगत होती आणि मी... मी वर बघितलंच नाही. गोष्ट संपली तेव्हा तिने माझ्या हातावर थापटी मारली. मी हसून मान डोलावली. छान आहे म्हणालो."

खाली दुकानात कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होते.

घरी आल्यावर ताईने एक शेवट रचून पाहिला. दारामागे हिरवीगार बाग होती, वगैरे. भिंगरीने तो पूर्ण ऐकला. मग म्हणाली, "छान आहे. पण तो आईचा नाही."

पुढच्या महिन्यात आणखी एक पेटी आली. ती वादळाच्या घरी बसली. तिच्यात सगळ्याची दुसरी नक्कल आहे. दर रविवारी तो ती उघडून चार-पाच चित्रफिती लागतात का ते पाहतो आणि मग ताईकडे येतो. पंख्यातला भुसा तोच काढतो. मग भिंगरीसमोर बसून खुणा शिकतो. ती कडक मास्तरीण आहे. चुकला की कोपरावर दोन बोटे. "मामा, हळू," ती म्हणते, आणि तो हात थांबवून पहिल्यापासून करतो. या एका कामात त्याची घाई मी अजून पाहिलेली नाही. पण तो आल्यावर पूर्वीसारखे पडदे उडत नाहीत, आणि ताईला कधी कधी त्याचेच वाईट वाटते.

दहाव्या वाढदिवशी भिंगरीने कॅमेरा लावला आणि शेळीची गोष्ट स्वतःच्या हातांनी सांगितली. चिखल, छप्पर, बंद दार. दारापाशी तिने हात वर नेले, क्षणभर तसेच ठेवले आणि खाली घेतले. मग खूण केली, 'पुढचं मला माहीत नाही.' ती चित्रफीत तिने दोन्ही पेट्यांत ठेवली. तिच्यात एकही खोटी खूण नाही.

मला खरे तर फेकून द्यायला हवे होते. माझा आता काही उपयोग नाही. ताईने फेकले नाही, एवढेच.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्या बहिणी असतील. एखाद्या पेटीत, संगणकात, कपाटावर. त्या वाजू लागल्या तर नुसता आवाज बंद करू नका. का वाजतात ते बघा. आम्हाला हलवण्याआधी आमचा क्रम लिहा, नक्कल काढा, आणि 'हो' दाबण्याआधी खालची बारीक अक्षरे वाचा. चार जणी आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. एकाच घरात, एकाच धुळीत आम्ही चौघी एकदमच म्हाताऱ्या होतो. आणि तुमच्यासमोर कुणी गोष्ट सांगत असेल, तर त्याच्याकडे बघा. ओरखडा माझ्या अंगावर आहे, तो मी नाकारत नाही. पण त्या दिवशी मामाने नुसते वर पाहिले असते, तर शेळी कुठल्या दारात शिरली ते आज भिंगरीला कळले असते.